न गेलेल्या पत्राचं उत्तर

आधीच माफी मागते. माझं शुद्धलेखन चुकीचं आहे आणि अक्षर वेडंवाकडं. शाळा चौथीपर्यंत झाली, त्यानंतर पेन हातात आलं ते सहीपुरतं. वही मुद्दाम दुरेघी आणली, तरी अक्षर रेघ सोडून खाली उतरतं. सांभाळून घ्यावं. मी जिथं झाडझूड करते तिथल्या दिनकरभाऊंच्या बायकोनं मला एक मासिक दिलं होतं. त्यात लोकांनी आपापले उलगडा न झालेले अनुभव लिहून पाठवले होते. ती म्हणाली, तुमीपण लिहा. पाठवीन की नाही ते अजून ठरलं नाही... चारचौघांत माझ्या तोंडून शब्द निघत नाही. लिहिताना कोणी तोंडाकडे पाहत नाही, एवढंच बरं वाटतं.

भूत, बाहेरची बाधा, अंगात येणं, यातलं मी काही मानत नव्हते. आमच्याकडे असं काही झालं की माणसाला सैलानीच्या दर्ग्याला नेतात. माझ्या जावेला नेलं होतं तेव्हा सोबत मीच होते. तिथं लोक घुमत होते, ओरडत होते, आणि मला मात्र वाटत होतं, हिला चार दिवस झोप आणि पोटभर जेवण मिळालं असतं तर हिला इथं आणायची गरजच पडली नसती. तेव्हा मी असल्या गोष्टीला लगेच भुलणारी बाई नाही, हे आधी ध्यानात घ्या.

नांदुऱ्यात स्टेशनवरून बाजाराकडे येताना डाव्या हाताला दुकानांची एक ओळ आहे. पहिली धान्याची आडत, मग औषधाचं दुकान, मग दिनकरभाऊंचं ऑनलाईन केंद्र. तिन्ही ठिकाणचं झाडणं-पुसणं माझ्याकडे. सकाळी सातला आडतीपासून सुरू करते आणि नऊपर्यंत केंद्रात पोचते. केंद्रात दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, सहा प्लास्टिकच्या खुर्च्या. नवा कॉम्प्युटर फॉर्म भरायला. कोपऱ्यातला जुना, ज्याच्या पंख्याचा आवाज गिरणीसारखा येतो, तो ईमेलचा.

आता ईमेलचं सांगावं लागेल, कारण सगळं त्यातच आहे. मला समजलं तेवढं सांगते.

कोणताही फॉर्म भरा, त्यात ईमेल लिहावा लागतो. रेशनकार्ड असो, स्कॉलरशिप असो, पीकविमा असो. आमच्या लोकांजवळ कुठला ईमेल... म्हणून दिनकरभाऊ सगळ्यांच्या फॉर्मवर केंद्राचाच टाकतात. "माह्या एका पत्त्यावर अर्धा नांदुरा राहून राह्यला," असं ते हसून म्हणायचे. एवढ्या लोकांची डाक एका पेटीत पडली की पेटी भरून जायची. म्हणून त्यांनी जुन्या कॉम्प्युटरला असं लावून ठेवलं होतं की त्यानं पत्रं इकडे उचलून आणायची आणि तिकडे काही शिल्लक ठेवायचं नाही.

"तिकडं म्हंजे कुठं?" मी एकदा विचारलं होतं.

"सर्व्हरवर. मावशी, एसटीचं पार्सल पाह्यलं ना? तुमी माणसाच्या हातात थोडीच देता? तुमी पार्सल खिडकीवर देता. तो पावती फाडते. मंग ते मोताळ्याले जाते, बुलडाण्याले जाते, जिथं जिथं उतरते तिथं तिथं त्यावर शिक्का बसते, तारीख-टाईम. शेवटच्या डेपोत ते पडून राहते. ज्याचं हाये त्यानं जाऊन आणा लागते. तसंच हे."

"मंग द्याची अन् घ्याची खिडकी एकच?"

"नाई. दोन. द्याची वेगळी, घ्याची वेगळी. एक बंद पडली तरी दुसरी चालू राहू शकते." मग ते हसले. "मावशी, तुमी शिकल्या असत्या तं माह्यं दुकान बंद पाडलं असतं."

एवढं मी विचारलं ते मंगेशसाठी. मंगेश माझा एकुलता एक. त्याचे वडील कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल होते. छातीच्या दुखण्यानं गेले त्याला आठ वर्षं झाली. मंगेश बारावी झाला, मलकापूरच्या एका ढाब्यावर दोन वर्षं राहिला, भाजी-पोळीत हात चांगला बसला. मग कोणीतरी सांगितलं, जहाजावर स्वयंपाकघरात माणसं लागतात. मुंबईचा एजंट सत्तर हजार मागत होता.

माझ्याजवळ सत्तर हजार होते. गळ्यातली एकदाणी आणि हातातल्या पाटल्या मोडून ठेवले होते, खोलीवर स्लॅब टाकायला. पेटीत, जुन्या लुगड्याच्या घडीत. ते त्यानं मला न विचारता काढून एजंटला दिले. मला सांगितलं ते जायच्या दिवशी, फलाटावर, गाडी यायला पाच मिनिटं होती तेव्हा.

"आई, पेटीतले पैसे मी घेतले. एजंटले देल्ले."

मी कधी कोणावर ओरडले नाही. सासरी मला सगळे बिनतोंडाची म्हणायचे. त्या दिवशीही ओरडले नाही. हळूच बोलले, त्याच्या एकट्याला ऐकू जाईल एवढंच. "माह्ये सत्तर हजार पुरे फेडल्याबिगर मले तोंड दाखवू नको."

त्यानं मान डोलावली. म्हणाला, "हाव."

गाडी आली. खिडकीतून त्यानं हात हलवला असेल. मी भजेवाल्याच्या कढईकडे पाहत उभी राहिले. गाडी गेल्यावर मान वळवली. हे शब्द आम्हा दोघांशिवाय कोणी ऐकले नाहीत, आणि मी आजवर कोणाला सांगितले नव्हते. दिराला नाही, दिनकरभाऊंना नाही.

जहाजावर फोन लागत नाही. बंदराला लागलं तर लागतो, आणि ते महिना-महिना लागत नाही. जहाजावर एक कॉम्प्युटर असतो, त्यावर पाळीपाळीनं सगळे लिहितात. दिवसातून दोनदा तो आकाशातल्या उपग्रहाशी जोडला जातो, साचलेली पत्रं एकगठ्ठा देतो आणि आलेली घेतो. मंगेशच्या फॉर्मवर ईमेल आमच्या केंद्राचाच होता, म्हणून त्याची पत्रं तिथंच यायची. मी पहिलं पत्र लिहवून घेतलं ते मराठीत. त्याचं उत्तर आलं, आई, नुसती प्रश्नचिन्हं आली, एक अक्षर नाही. त्या जहाजाच्या कॉम्प्युटरला मराठी येत नव्हतं. मग दिनकरभाऊ मी बोलेन ते इंग्रजी अक्षरांत टाईप करायचे. तोही तसंच लिहायचा. ते वाचून दाखवायचे आणि मी झाडू हातात धरून ऐकायची.

तो पैशाचं कधी लिहीत नसे. पण दर महिन्याला माझ्या खात्यात सात हजार पडायचे. मी कॅलेंडरच्या पाठीमागे रेघ ओढायची. सहा रेघा झाल्या होत्या. बेचाळीस हजार. मला ते पैसे पाहून आनंद होत नव्हता. प्रत्येक रेघेला वाटायचं, हा माझा शब्द पाळून राह्यला. मी बोलले ते त्यानं खरं धरलं...

पोळ्याच्या आधीचा सोमवार. मी तीन दिवसांपासून मनात एक वाक्य घोटत होते. झाडताना, भांडी घासताना, भाकरी थापताना. "मंगेश, फलाटावर मी बोलली ते मी परत घेतलं. पैसे राहू दे. तू तोंड दाखव." एवढंच. हे लिहवून घ्यायचं असं ठरवून केंद्रात गेले.

पण त्या दिवशी केंद्रात पाय ठेवायला जागा नव्हती. कुठल्यातरी फॉर्मची शेवटची तारीख होती. खुर्च्यांवर माणसं, दारात माणसं. माझे दीर सुरेशभाऊजी पण लाईनीत उभे होते.

दिनकरभाऊ म्हणाले, "या मावशी, तुमचं आधी करून घेतो. दोन मिनिटाचं काम. सांगा."

मी म्हणाले, "लिहा... मी बरी हाये. शेळीले दोन पाटी झाल्या." पाटी म्हणजे मादी पिल्लं.

मागून एक म्हातारा म्हणाला, "शेळीची बातमी समुद्रात चालली पाहा." सगळे हसले.

सुरेशभाऊजी म्हणाले, "वहिनी, त्याले म्हणा काकाले एक घड्याळ आणजो. फॉरेनचं." पुन्हा हसले. वाईट मनानं नव्हे, लाईनीत उभी राहिलेली माणसं हसतात तसं.

मी खाली पाहून सांगत गेले. खोली गळते, ताडपत्री घ्यावी म्हणते. तू वेळेवर जेव. पाण्याजवळ जपून राहजो. मग ते वाक्य जिभेवर आलं. दिनकरभाऊंची बोटं बटणांवर थांबली होती. "अजून काही, मावशी?" सगळे माझ्याकडे पाहत होते.

मी म्हणाले, "बस. एवढंच."

त्यांनी एक बटण दाबलं. म्हणाले, "संध्याकाळच्या डाकेत जाईन."

घरी जाताना मनाला समजावलं, पुढच्या वेळी गर्दी नसताना सांगू.

शनिवारी दुपारी एजंटचा फोन आला. फॉर्मवर फोन नंबरही दिनकरभाऊंचाच होता. मी औषधाच्या दुकानात काच पुसत होते. ते चालत आले, चपला न घालता. मला बाहेर बोलावलं आणि म्हणाले, "मावशी, बसा जरा." मी पायरीवर बसले. शुक्रवारी सकाळी नाश्त्याला मंगेश स्वयंपाकघरात आला नाही. जहाज सगळं पाहिलं. चपला मागच्या डेकवर सापडल्या. जहाज उलटं फिरवून दिवसभर शोधलं. माणूस नाही.

पडला, की उडी मारली, की कोणी ढकललं, कोणी सांगितलं नाही. एजंटच्या कागदावर 'बेपत्ता' लिहिलं आहे. बेपत्ता म्हणजे मेलेला नाही, म्हणून भरपाई नाही. जिवंत पण नाही, म्हणून पुढचा पगार नाही. सुरेशभाऊजी म्हणाले, "वहिनी, दहावा करून टाकू. समुद्र काई देऊन नाई राह्यला आता." मी नाही म्हटलं. ते चिडले नाहीत. माझ्या खोलीबाहेर बराच वेळ बसून राहिले आणि मग घड्याळाचं बोलल्याबद्दल रडले.

माझ्या डोक्यात एकच होतं. त्याला माझं शेवटचं पत्र मिळालं होतं का? त्यात काही नव्हतं. शेळी होती, ताडपत्री होती. पण आईचा आवाज तरी होता. ते वाचून मग काय झालं ते होवो. पण मिळालं का?

आठ दिवसांनी कामावर गेले. झाडलं, पुसलं, आणि जाताना विचारलं. "दिनकरभाऊ, त्या सोमवारचं पत्र त्याले भेटलं असंन काय?"

"भेटलं असंन ना. तवाच गेलं."

"पाहून सांगता काय?"

ते जुन्या कॉम्प्युटरवर बसले. गेलेल्या पत्रांची एक यादी असते, ती पाहिली. वरखाली केली. पुन्हा पाहिली. मग दुसरी एक यादी उघडली आणि त्यांचा हात तसाच राहिला.

"मावशी," ते म्हणाले, "ते गेलंच नाई."

त्या सोमवारच्या आदल्या आठवड्यात त्यांनी नेट बदललं होतं. नवं केबलवालं घेतलं, जुनं फार बंद पडायचं. त्या नव्या नेटवर घेण्याची खिडकी चालू होती. लोकांच्या फॉर्मची पत्रं रोज येत होती, म्हणून कोणाला शंका आली नाही. देण्याची खिडकी बंद होती. कॉम्प्युटर रोज संध्याकाळी पत्र द्यायला जायचा, खिडकी बंद पाहून परत यायचा आणि स्क्रीनवर एक छोटं डबडं दाखवायचा, पत्र गेलं नाही म्हणून. दिनकरभाऊ रोज ते डबडं न वाचता बंद करायचे. दिवसभर असली पन्नास डबडी येतात. त्या कॉम्प्युटरवरून पत्र पाठवणारी गावात मी एकटीच होते. बाकी सगळ्यांचं काम नुसतं घ्यायचं.

"मी वाचलं नाई हो," एवढंच ते म्हणाले. चाळीस वर्षांचा माणूस, दोन लेकरांचा बाप, मान खाली घालून बसला. मी म्हणाले, "असू द्या." दुसरं काय म्हणणार? मला त्यांचा राग येतच नव्हता. मी जे सांगितलंच नव्हतं ते तर त्यांच्याकडूनही अडलं नव्हतं.

ते पत्र पुसून टाकू का म्हणून त्यांनी विचारलं. मी म्हणाले, राहू द्या तिथंच.

त्यानंतर पाचव्या दिवशीची गोष्ट. सकाळचे साडेनऊ झाले असतील. ऊन दारातून आत आलं होतं. मी फरशी पुसत होते, दिनकरभाऊ उदबत्ती लावून जुन्या कॉम्प्युटरसमोर बसले आणि डाक घेतली. रोजच्यासारखी एकामागे एक पत्रं उतरू लागली. मी कपडा पिळत होते. त्यांचा आवाज आला, अगदी हळू.

"मावशी. इकडं या."

मंगेशचं पत्र होतं.

माझ्या हातातला कपडा पडला. मी म्हणाले, "हाये तो. जित्ता हाये." मला आठवतं, मी हे दोन-तीन वेळा म्हणाले. दिनकरभाऊंनी पत्राच्या तारखेवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "मावशी, बुधवारची तारीख हाये. तो जाच्या आधीचा बुधवार."

म्हणजे उशिरा आलेलं पत्र. कुठल्या तरी डेपोत पडून राहिलेलं पार्सल. मी खुर्चीवर बसले. जेवढं उजाडलं होतं तेवढं पुन्हा मावळलं.

"वाचा," मी म्हणाले.

त्यांनी वाचलं. माझ्याजवळ त्याची प्रिंट आहे, म्हणून जसंच्या तसं लिहिते.

"आई, तुहं पत्र भेटलं. शेळीच्या पाटी विकू नको. ताडपत्री आत्ताच घे, पोळ्यानंतर महाग होईन. तू फलाटावर बोलली ते बरोबरच होतं. परत घेऊ नको. बाकीचे पोचतीन, मंग फिटले. माही वाट पाहू नको. मंगेश."

दिनकरभाऊंनी दोन वेळा वाचलं. मग म्हणाले, "पण हे कोणत्या पत्राचं उत्तर हाये? शेळीचं, ताडपत्रीचं पत्र तं..." त्यांनी ती दुसरी यादी उघडली. माझं पत्र तिथंच होतं. न गेलेलं.

कोणी ईमेलचं उत्तर देतो तेव्हा खाली आपलं मूळ पत्र चिकटून येतं, हे मला तेव्हा कळलं. मंगेशच्या उत्तराखालीही ते होतं. मी बरी हाये. शेळीले दोन पाटी झाल्या. खोली गळते. वेळेवर जेव. पाण्याजवळ जपून राहजो. दिनकरभाऊ वाचत गेले, आणि शेवटी अडखळले.

"मावशी, ही ओळ तुमी सांगितली होती काय? मी तं लिहिली नाई."

"कोणती?"

"मंगेश, फलाटावर मी बोलली ते मी परत घेतलं. पैसे राहू दे. तू तोंड दाखव."

मी म्हणाले, "त्या न गेलेल्या पत्रात पाहा."  न गेलेल्या पत्रात ती ओळ नव्हती. त्यांनी दोन्ही शेजारी-शेजारी लावून पाहिली. एका पत्राच्या शेवटी ती होती, दुसऱ्याच्या शेवटी नव्हती. बाकी सगळं सारखं, दिनकरभाऊंच्या हातून चुकलेलं एक अक्षरही तसंच.

मग त्यांनी शिक्के पाहिले. मघा सांगितलं ना, पत्र जिथं जिथं उतरतं तिथं तिथं शिक्का बसतो. तो आपल्याला एरवी दिसत नाही, पण काढून पाहता येतो. त्यांनी मंगेशची जुनी पत्रं उघडून मला दाखवली. प्रत्येकाच्या डोक्यावर पाच-सहा ओळी होत्या. हा जहाजाचा, हा उपग्रहवाल्या कंपनीचा, हा अमक्याचा, हा आपल्या डेपोचा. या पत्राच्या डोक्यावर एकही ओळ नव्हती. "हे रस्त्यानं आलंच नाई मावशी," ते म्हणाले. "कोणी हातानं आणून टेबलावर ठेवल्यावानी हाये."

त्यांचा एक मावसभाऊ बुलडाण्याला कॉलेजात याच कामावर आहे. त्याला फोन लावला. तो आधी म्हणाला, सोपं आहे. कधी कधी खिडकीवाला पार्सल घेतो, पण पावती हातात पडायच्या आत लाईन तुटते. मग आपल्याला वाटतं गेलं नाही, आणि ते गेलेलं असतं. मला हे ऐकून बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. म्हणजे त्याला मिळालं होतं. रविवारी तो स्वतः येऊन बसला, दोन तास. शेवटी म्हणाला, या नेटवर ती खिडकी पहिल्या दिवसापासूनच बंद आहे. पत्र खिडकीपर्यंत पोचूच शकत नव्हतं. जास्तीची ओळ त्यानं दोनदा वाचली. तो चहा न घेता गेला.

एजंटमार्फत जहाजाला विचारलं. त्यांनी त्या बुधवारच्या आल्यागेल्या पत्रांची यादी पाठवली. त्यात मंगेशला आलेलं पत्र नाही, त्यानं लिहिलेलं पत्र नाही. आपल्या सर्व्हरवर पाहावं, तर आमचा कॉम्प्युटर तिकडे काही शिल्लक ठेवत नाही. आता ते पत्र फक्त त्या कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरमध्ये आणि माझ्या पेटीत.

तुम्हाला वाटेल ते मलाही सांगून झालं आहे. सुरेशभाऊजी म्हणाले, "वहिनी, दिनकरनंच लिहिलं असंन. मनाले लागलं त्याच्या." मी त्यावर विचार केला. रागानं नाही, चांगला विचार केला. तसं असतं तर मला आवडलंही असतं, एका माणसाला आपली एवढी कीव आली म्हणून. पण फलाटावरचं त्याला कसं माहीत? आणि ज्याला माझ्या मनाची शांती करायची आहे तो 'माही वाट पाहू नको' असं कशाला लिहील? त्यानं लिहिलं असतं, येतो आई, घरी येतो. शेजारच्या मास्तरीणबाईंकडूनही मी ती प्रिंट वाचून घेतली, काय प्रकार आहे ते न सांगता. त्यांनी तेच वाचलं.

मी रोज मनात मोजते. समजा पत्र त्याला मिळालं, कसंही मिळालं. माझ्या मनातलं निघून त्याच्यापर्यंत गेलं. मग तो वाचून म्हणाला, परत घेऊ नको. आणि दोन दिवसांनी डेकवर चपला. म्हणजे मिळूनही काही झालं नाही. आणि समजा मिळालं नाही, तर तो माझा तो एकच शब्द घेऊन गेला, फलाटावरचा. यातलं कोणतं बरं, हे मला ठरवता येत नाही. पूर्वी वाटायचं, लाज सोडून ते वाक्य बोलले असते तर... आता तेही वाटत नाही. बोलले असते तरी ते कॉम्प्युटरमध्येच पडून राहिलं असतं.

दिनकरभाऊंनी देण्याची खिडकी दुरुस्त करून घेतली. मी त्यांना सांगितलं, माझं ते पत्र पाठवू नका. ते अजून तिथंच आहे. कधी कधी मी पुसायला जाते तेव्हा ते आपणहून उघडून दाखवतात. शेळी, ताडपत्री. शेवटची ओळ नाही. मी पाहते आणि बादली उचलते. याचा उलगडा मला झाला नाही, त्यांना झाला नाही, बुलडाण्याच्या मावसभावालाही झाला नाही. तो होईल अशी आशाही मी धरत नाही.

एक सांगायचं राहिलं. दिवाळीच्या नंतर बँकेत पासबुक भरायला गेले होते. मशीननं करकर करून एक ओळ छापली. मला आकडे वाचता येतात. तरी खिडकीतल्या बाईला विचारलं. ती म्हणाली, "कंपनीकडून आले, मावशी. शेवटचा पगार असंन, कापून-कुपून." अठ्ठावीस हजार.

घरी आले. कॅलेंडर काढलं, पाठीमागे सहा रेघा होत्या. त्यांच्याखाली हा आकडा लिहिला आणि शाळेत शिकवली होती तशी बेरीज केली, हातचा धरून. मला गणित बरं येत होतं. दोनदा केली.

पुरे सत्तर. त्यानं माझे पैसे फेडले.